डावा बूट

बायको गेल्यापासून सकाळचा गाडा ओढताना त्याच्या नाकी नऊ यायचे. पण तो चिवट होता. हळूहळू सगळं अंगवळणी पडलं. दप्तर रात्रीच दाराशी, गणवेश खुर्चीवर, डबा वेळेत, लेकीची वेणीसुद्धा बऱ्यापैकी सरळ.

आज तर शाळेची बस यायला बराच वेळ होता आणि दोघं बूट घालून सोफ्यावर बसले होते. घरात फक्त फ्रिजची घरघर.

"बाबा, आता काय करायचं?"

"काही नाही. बसायचं."

"आई असताना आपण असे कधी बसलोच नाही ना?"

आई असताना रोजची पळापळ, आरडाओरडा आणि कोपऱ्यावर हॉर्न वाजवत थांबलेली बस.

लेकीने हळूच डावा बूट काढला आणि पायानेच सोफ्याखाली सरकवला.

"बाबा, माझा एक बूट सापडत नाहीये."

त्याने सगळं पाहिलं होतं. तो उठला, कमरेवर हात ठेवले आणि बायकोच्याच सुरात ओरडला, "एवढी घोडी झालीस, साधा बूट सांभाळता येत नाही?"

मग बूट शोधायला तो आधी स्वयंपाकघरात गेला.