टाकीतली हाक

ऑस्ट्रेलियातल्या क्विल्पी गावच्या उन्हात पत्र्याची शेड नुसती भाजून निघत होती. गेल्या हिवाळ्यात वारलेल्या नवऱ्याच्या, क्लॅरीच्या, मोटरसायकलची गंजलेली टाकी ग्लेनिसने गंज सुटावा म्हणून आठवडाभर उसाच्या मळीत भिजवली होती. आज तिने आत मूठभर लोखंडी नट टाकून ती खळाखळा हलवली, धुतली, वाळवली.

मागे धाकटी बहीण मर्ल पाठमोरी चहा ओतत होती.

"कशाला मरमर करतेस, ताई? भाऊजी असते तर त्यांनीच भंगारात दिली असती."

"गप गं. त्याचा जीव माझ्यापेक्षा हिच्यावरच होता."

आत गंज उरला असेल तर आवाज घुमत नाही, असं क्लॅरी म्हणायचा. ग्लेनिसने टाकीच्या तोंडाला ओठ लावले.

"क्लॅरी, ऐकतोस का?"

आवाज आत छान घुमला, फिरला आणि परत आला. पण तो तिचा नव्हता. क्लॅरीचा होता.

"मर्ल, ऐकतेस का?"

ग्लेनिसच्या हातातलं फडकं गळून पडलं. मागे चहाची धार क्षणभरही थांबली नाही. मान वर न करता मर्ल सवयीनं म्हणाली,

"आले रे!"