चौकटीतली ताई

धाकट्याच्या प्रदर्शनात सगळी चित्रं ताईचीच होती. उत्तरेकडच्या पहाडी गावातल्या हिवाळ्यात ती कुठे हौदावरचा बर्फ फोडतेय, कुठे लाकडं वाहतेय, कुठे थंडीने ताठ झालेले कपडे दोरीवरून सोडवतेय. आणि प्रत्येक चित्राभोवती खिडकीची चौकट.

"ही चौकट म्हणजे बाईच्या जन्माची कैद, हो ना?" एका बाईंनी भारावून विचारलं. धाकट्याने गंभीरपणे मान डोलावली.

शेजारी उभ्या ताईने भेगाळलेले हात शालीत ओढून घेतले.

"कैद कसली हो! हा आत शेगडीपाशी बसून चित्रं काढायचा. काचेवर बाहेरून बर्फ साचला की आतून टकटक करायचा…

 

'ताई, बाहेरून काच पूस ना गं, तू नीट दिसत नाहीयेस!'"