शंख होईपर्यंत

दिगंबरचा अंगरखा पोटावर बसत नव्हता, तरी तो महाराज होता. कॉलेजात असताना बसायचा. आता कारखान्यात साहेब झाल्यापासून बंदांच्या फटीतून बनियन डोकावत होतं.

"खबरगीर," तो भारदस्त आवाजात म्हणाला, "गडावर गनिमाचा हेर शिरणार. उद्या शंख होताच त्याचं नाव आम्हांस हवं."

कुंदानं मुजरा केला. कडेवर मनू होती, म्हणून तो अर्धाच झाला.

गड म्हणजे कुरवंड्याच्या वाटेवरचा, दिगंबरच्या सासऱ्यांचा बंगला. कॉलेजच्या दिवसांत दर हिवाळ्यात ही मंडळी लोणावळ्याला येऊन हा खेळ खेळायची. निम्म्यांनी गड राखायचा, निम्म्यांनी घ्यायचा. शनिवारी सकाळी चढवलेलं सोंग रविवारी शंख होईपर्यंत उतरवायचं नाही. आणि गनिमानं एक हेर वेष पालटून गडावर घुसवायचा. तो ओळखण्यात कुंदाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मध्ये लग्नं झाली, पानशेतचा पूर येऊन गेला, आणि यंदा दिगंबरला पुन्हा हुक्की आली. कुंदाचा नवरा फिरतीवर होता. मनू झाल्यापासून तिला धड झोप नव्हती. बाटल्या दोनदोनदा उकळायच्या, रात्री उठून मनूच्या नाकाशी बोट धरून बघायचं. चार भिंतींना विटून ती आली, आणि आल्या आल्या पस्तावली.

टक्कल पडू लागलेले बाप्ये पुठ्ठ्याच्या ढाली घेऊन करवंदीच्या जाळीत दबा धरून बसले होते. गनिमाचा सरदार मोरू, एरवी बँकेतला कारकून, सर्दीच्या भयानं फेट्याखाली कानटोपी घालून लढत होता. ह्यांच्यासाठी आपण वसतिगृहाच्या भिंतीवरून उड्या मारत होतो?

बंगल्याचा राखणदार केरबा. त्याची बायको चिमाबाई मनूला सांभाळणार होती, पण तिला अचानक टाकव्याला माहेरी जावं लागलं. दुपारी मागच्या पडवीत एक बाई येऊन उभी राहिली.

"टेसनावर चिमाबाई भेटली, तिनं धाडलंय. कुरवंड्याची हाय मी."

कुंदानं मनू तिच्याकडे दिली नाही. समोर बसवून घेतलं आणि न्याहाळलं.

लुगडं कोरं करकरीत, दुकानातली घडी अजून मोडली नव्हती. टाचा गुळगुळीत. हातावर गोंदणाचा टिपका नाही. एकदा 'न्हाई' म्हणाली, लगेच पुढच्या वाक्यात 'नाही'. आणि मनूची बाटली हातात घेतली तेव्हा दुधाचा थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिला.

अंगण झाडता झाडता केरबा थबकला. बाईला बघून मिशीत हसला. "चालू द्या तुमचं," म्हणाला आणि पुढे गेला.

कुंदाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोरूचं लग्न वैशाखात झालं, तेव्हा ती बाळंतीण होती. त्याची बायको तिनं पाहिलीच नव्हती. नागपूरची, बी.ए. झालेली, नाटकांतून कामं करणारी. काल मोरू म्हणाला होता, तिचं डोकं दुखतंय, जमलं तर रविवारी येईल. म्हणताना नजर चुकवली होती.

एवढं कच्चं सोंग? निदान टाचांना माती तरी फासायची.

पण घाई नव्हती. हेराचं नाव शंख झाल्यावर, सगळ्यांसमोर, चारचौघांत मोरूचं नाक कापून सांगायचं. तोवर एक शिकलेली आया फुकट मिळत होती. तिनं मनूला बाईच्या मांडीवर ठेवलं. खरीच कुरवंड्याची बाई असती, तर तिच्या पदराचा वाराही मनूला लागू दिला नसता.

"केवढी हाय?"

"आठ महिन्यांची."

"माजी बी एवढीच होती," बाई म्हणाली, आणि तिनं डोळ्यांना पदर लावला.

आता रडूनही दाखवणार. कुंदाला किळस आली. "छान करता हं काम," ती म्हणाली.

बाईचा चेहरा पांढरा पडला. क्षणभर ती मनूला घट्ट धरून बसली. कुंदानं तोंड फिरवून हसू दाबलं. बिंग फुटल्याचं भय तरी खरं वाटत होतं.

त्या दुपारी कुंदा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपली. उठली तेव्हा बाटली भरलेलीच होती, आणि मनू तृप्त होऊन बाईच्या खांद्यावर पेंगत होती. बाईची चोळी पुढून ओली होती.

"सांडलं," बाई खाली बघून म्हणाली.

बी.ए.ला बाटलीही नीट धरता येत नाही, असं मनात म्हणत कुंदा पहाऱ्यावर गेली.

रविवारी दुपारी शेवटचा हल्ला झाला. गच्चीवरून कुंदानं पाहिलं, बाई मनूला घेऊन फाटकाजवळच्या सावलीत फेऱ्या मारत होती. मग लढाई जुंपली. मोरू कुंपणात अडकला, धोतर फाटलं, आणि दिगंबरनं शंख फुंकला.

सगळे अंगणात जमले. फेटे उतरले. थर्मासमधला चहा फिरू लागला.

"बोला खबरगीर," दिगंबर म्हणाला.

"मोरू, बायकोला पुढच्या खेपेला जुनं लुगडं दे," कुंदा सावकाश, एकेक शब्द चाखत म्हणाली. "आणि मनूला आण म्हणावं आता. उतरव म्हणावं सोंग."

मोरू फाटलेलं धोतर सावरत म्हणाला, "अगं, हेर दिगंबरच होता. मीच फितवला होता त्याला."

दिगंबर पोट धरून हसला. तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला. त्यातून गोल पातळ नेसलेली एक उंच मुलगी कपाळ चोळत उतरली. मोरू लगबगीनं पुढे झाला. "ही सुनंदा. पुण्याच्या गाडीनं आली बघ."

कुंदानं पडवीकडे पाहिलं. मग फाटकाजवळच्या सावलीकडे.

"केरबा, ती बाई कुठाय?"

"त्या व्हय? बाळीला घिऊन मगाशीच गेल्या की टेसनावर," केरबा म्हणाला. "म्या म्हनलं तुमच्यातल्याच हायेत, म्हून टांगा बी म्याच आनून दिला."