एका ग्यालनात मंचर

हनीफने टाकीची नळी सोडली, इंजिनाला रबरी नळी जोडली आणि तिचं दुसरं टोक मालकाच्या मांडीवरच्या डब्यात सोडलं. डब्यात मोजून एक ग्यालन पेट्रोल. मालक भगवंतराव पुढच्या बाकावर डबा पोटाशी धरून बसले होते, बारशाला आलेल्या मामासारखे. मोटारीतल्या सगळ्या विड्या विझवल्या होत्या.

"नारायणगाव ते मंचर, एका ग्यालनात," भगवंतराव म्हणाले. "अलीकडं बंद पडली, तर उद्यापासनं स्टेरिंग त्या जानकू डायवरकडं."

"बंद पडंल कशी, मालक?" हनीफ म्हणाला.

महिनाभर तो मोटारीच्या मागे होता. कार्बोरेटर तीनदा खोलून धुतला होता, चाकांत हवा टणक भरली होती, आणि हे सगळं त्याने स्टँडवर प्रत्येकाला सांगितलं होतं. त्यामुळे मंचरच्या बाजाराला निघालेली तेवीस माणसं आज नुसती प्रवासी नव्हती. हनीफच्या बाजूची होती.

कळंबपर्यंत मोटार गुमान गेली. घोड नदी ओलांडली, चढ लागला आणि ती बैलाच्या चालीवर आली. भगवंतरावांनी डब्यात काडी बुडवून पाहिली. काडी चार बोटंसुद्धा भिजली नाही. मंचर अजून तीन मैल होतं.

चढावर मोटार मंदावली की उतरून चालायचं आणि माथ्यावर पुन्हा बसायचं, ही तिकडची रीतच. आधी गेणभाऊ उतरला, कारण त्याचं वजन सगळ्यांना ठाऊक होतं. मग बाकीचे. साळूबाई कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेऊन उतरली; पाटी गाडीत ठेवून उतरायचं तर मग उतरायचं कशाला, असं तिचं म्हणणं.

मालकांची नजर डब्यावरून हलली नाही.

माथा आला. हनीफने ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नगंस, हनीफभाई," मागून गेणभाऊ ओरडला. "उभी क्येली की घोटभर जास्त पिती ती."

हनीफने आरशात पाहिलं. तेवीस माणसं हातांनी 'जा, जा' करत होती. त्याने पाय काढला.

मोटार मंचरच्या स्टँडवर उभी राहिली तेव्हा डब्यात बोटभर पेट्रोल शिल्लक होतं. भगवंतराव उठले, डबा उंच धरला आणि दोन शब्द बोलायच्या तयारीने मागे वळले. बाकं रिकामी होती.

"मानसं कुठं हायेत?"

"येत्यात," हनीफ म्हणाला.

भगवंतरावांनी थोडा विचार केला. "आपली बोली पेट्रोलाची व्हती. मानसांची न्हाई. स्टेरिंग तुझं."

हनीफने मान डोलावली, पण चहाला गेला नाही. बॉनेटला टेकून तो रस्त्याकडे बघत उभा राहिला.

तासाभराने धुळीने पांढरी झालेली माणसं आली. साळूबाई सगळ्यांच्या पुढे.

"पोचली का रं?"

"पोचली. बोटभर उरलं."

साळूबाईने पाटी उतरवली, पदराने तोंड पुसलं आणि स्टँडवरच्या मंचरकरांकडे अशी नजर टाकली, जणू मोटार तिच्या माहेरची होती.

"पुढच्या बाजारालाबी एवढंच लागलं पायजे," भगवंतराव म्हणाले.

"लागंल की, मालक," साळूबाई म्हणाली. "आमी घरनं जरा लवकर निघू."