बत्तिसावं मत

भिकनशेठ मतपत्रिका घेऊन पडद्याआड गेले, त्याला आता चांगली पाच मिनिटं झाली होती. आतून कागद उलटसुलट केल्याचा आवाज तेवढा येत होता. लंकाबाई बाहेर बाकावर बसून तो ऐकत होती. एकतीस मतं झाली होती आणि कुणालाही एवढा वेळ लागला नव्हता. हे बत्तिसावं, शेवटचं.

पंचवटीतल्या या कारखान्यात वेताच्या खुर्च्या विणल्या जायच्या. विणणारे एकतीसही जण अंध. संस्था सहकारी, पण अध्यक्ष पहिल्यापासून भिकनशेठ, कारण संस्था त्यांनीच काढलेली आणि सभासदांत डोळस तेवढे ते एकटेच. माणूस वाईट नव्हता. कुणाला ताप आला तर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात न्यायचा. पण निवडणूक आली की अंध मतदाराला डोळस मदतनीस हवाच, असा नियम होता आणि मदतनीस म्हणून शेठचा मुनीम हजर असायचा. तो एकेकाला हाताला धरून आत न्यायचा, शिक्का मारायचा, बाहेर आणून सोडायचा. कुणाला द्यायचं, हे त्यानं कधी विचारलं नाही. बारा वर्षं शेठ एकमतानं निवडून येत होते.

एक्क्याऐंशी साल अपंगांचं म्हणून जाहीर झालं. भाषणं झाली, हारतुरे झाले, आणि लंकाबाईनं त्या भाषणांना शब्दात पकडलं. ती येवल्याच्या विणकराच्या घरची. सहा वर्षांची असताना देवी आल्या. डोळे गेले, जीभ राहिली. तिनं निवडणूक अधिकाऱ्याला गाठून विचारलं, की आम्हाला बोटांनी वाचता येतं, तर आमचं मत दुसऱ्यानं का द्यायचं? एवढ्यावर न थांबता ती अध्यक्षपदाला शेठसमोर उभीच राहिली. साहेब नवे होते, त्यांना पटलं. एकदा मदतनिसाशिवाय घेऊन बघू, म्हणाले. विनातक्रार पार पडलं, तर जिल्ह्यातल्या सगळ्या अंधांच्या संस्थांना हीच पद्धत लावायची शिफारस मी करतो. एक जरी लेखी तक्रार आली, तर मुनीम आहेच.

मग काय, कारखान्याचं लग्नघर झालं. सगळ्यांत जुना कारागीर पुंजाराम, त्यानं बत्तीस जाड कागदांवर ब्रेलमध्ये दोन नावं टोचली. ज्यांना ब्रेल येत नव्हतं, त्यांना महिनाभर बसवून तेवढी दोन नावं शिकवली. हव्या त्या नावापुढं टोचणीनं भोक पाडायचं, झालं मतदान. आज सकाळी काळू मत देऊन बाहेर आला तो हसतच सुटला. कुणीतरी विचारलं, कुणाला दिलंस रे? "सांगनार नाय," काळू म्हणाला. हे दोन शब्द त्याला इतके आवडले, की कुणी विचारो न विचारो, तो सगळ्यांना तेच सांगत फिरत होता.

पडद्याच्या कड्या वाजल्या.

"साहेब," शेठ म्हणाले, "हा कागद कोरा आहे."

लंकाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. कोरा कसा असेल? तिनं स्वतः एकूण एक कागदावरून बोट फिरवलं होतं. आणि मग तिच्या ध्यानात आलं. शाईनं नावं लिहायची राहूनच गेली होती. आपल्यात वाचता न येणाराही एक मतदार आहे, हे एकतिसांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. साहेबांनी प्रत्येक कागदामागं सही केली, पण ठिपके दिसले यातच त्यांचंही समाधान झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तक्रारीला याहून मोठं कारण काय लागतं?

मुनीम तर वाटच बघत होता. शेठ, मी देतो लिहून तक्रार, असं म्हणून त्यानं पेनाचं टोपण काढलंसुद्धा. साहेब नियमांचं पुस्तक चाळू लागले. उलटणारं एकेक पान लंकाबाई कानांनी मोजत होती.

"मतदाराला मतपत्रिका वाचता येत नसेल, तर त्याला मदतनीस घेता येतो," साहेब सावकाश म्हणाले. "मदतनिसाला मात्र ती वाचता आली पाहिजे. शेठ, तक्रार देता की मदतनीस घेता?"

मुनीम सवयीनं पुढं झाला. साहेबांनी त्याला कागदावरची नावं वाचायला सांगितली. मुनीम कागद नुसता उलटसुलट करत राहिला. मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा कारखाना हसला, आणि त्या हसण्यात शेठचा जाडाभरडा आवाज ऐकू आला तेव्हा कुठं लंकाबाईचा जीव भांड्यात पडला.

तक्रार नाही, शेठ म्हणाले. लंकालाच पाठवा माझ्याबरोबर. ती तर तुमच्याविरुद्ध उभी आहे, साहेबांनी आठवण करून दिली. असू द्या, शेठ म्हणाले, तिनं विणलेल्या खुर्चीत मला कधी खोट सापडली नाही.

लंकाबाई उठली. तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तक्रार नाही, म्हणजे शिफारस जाणार, म्हणजे चांदवड म्हणू नका, मालेगाव म्हणू नका, सगळीकडे आता आपापलं मत ज्याचं तो देणार. ती स्वतः निवडून येते की पडते, याचं तिला या घडीला काही वाटत नव्हतं. तिनं शेठच्या कोपराला धरलं आणि त्यांना जपून पडद्याआड नेलं. कागद फळीवर पसरला. वरचं नाव शेठचं, खालचं तिचं. टोचणी हातात घेऊन, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती त्यांच्या कानाशी झुकली.

"शेठ," तिनं विचारलं, "कुनाच्या नावापुढं टोचू?"