दंगल-दंगल

दंगलीत शनिवार पेठेतलं युसूफचं एसटीडी बूथ जळून खाक झालं. कुणी जाळलं ते पोलिसांना सापडलं नाही, आणि त्याची बायको नूरबानू हिनेही हळूहळू विचारायचं सोडून दिलं. मे महिन्याची सुट्टी लागली तसा इमारतीतल्या पोरांनी दंगल-दंगल असा नवाच खेळ काढला. शेजारच्या शुभंकरकडे आलेल्या रंगीत टीव्हीचा खोका म्हणजे बूथ. नूरबानूचा बिलाल त्यात बसून 'हॅलो, हॅलो' करायचा, आणि बाकीची पोरं आरडाओरडा करत येऊन खोका उलथवायची आणि त्याला खोटी खोटी आग लावायची.

"रोज तूच का रे आत बसतोस?" पाणी प्यायला वर आलेल्या बिलालला तिने विचारलं.

"दुकान आपलं होतं ना, अम्मी!"

"आणि आग कोण लावतं?"

"शुभंकर. दुसऱ्या कुणाला लावूच देत नाही. म्हणतो, खरी आग माझ्या बाबांनी लावली होती."

नूरबानूने चटकन मागे वळून पाहिलं. आतल्या खोलीत युसूफ जेवत होता. शुभंकरच्या बाबांनी जळलेलं बूथ होतं त्याच कोपऱ्यावर स्वतःचं बूथ टाकलं होतं आणि शेजारधर्म म्हणून युसूफला तिथे पगारावर ठेवलं होतं. जेवण उरकून त्याला परत तिथेच जायचं होतं.

तिने मधलं दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "हे अब्बांना सांगू नकोस हं."

"त्यांना केव्हाच सांगितलंय," बिलाल जिन्याकडे पळता पळता म्हणाला. "ते म्हणाले, अम्मीला सांगू नकोस."