रविवारचे तीन तास

वडील झोपले असतील म्हणून मी किल्लीने हळूच दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबलो.

नाना पलंगापासून दोन पावलं लांब उभे होते. वॉकर भिंतीशी होता. अर्धांगवायूनंतर ते एकदा पडले आणि तेव्हापासून मी त्यांचं उठणंच बंद केलं होतं. माझी बायको समोर हात पसरून उभी होती, पण त्यांना धरत नव्हती.

"घाई नको, नाना. तो यायला अजून दीड तास आहे."

खरं होतं. दर रविवारी मी तीन तास पळायचो. पण मॅरेथॉन तोंडावर आली म्हणून कोचने आजपासून अंतर निम्म्यावर आणलं होतं. पाय कितीही शिवशिवले तरी आवरायचं, असं बजावलं होतं. घरी सांगायचं राहून गेलं.

नानांचा डावा पाय थरथरत उचलला गेला. ते कलले. चार ढांगांत मी त्यांना धरलं असतं. मी दाराची चौकट धरली. बायकोही हलली नाही.

नाना सावरले, पाय टेकला. मी मागच्या मागे बाहेर सरकलो, दार ओढलं आणि जिन्यात बसून राहिलो.

तीन तास भरल्यावर, किल्ली खिशात असूनही, बेल वाजवली. नाना पलंगावर होते, पांघरूण छातीपर्यंत ओढून.

"मॅरेथॉन झाली की रविवारचं पळणं बंद का रे?" त्यांनी विचारलं. ओट्याशी चहा गाळणारी बायको थांबली.

"छे," मी म्हणालो. "रविवारचे तीन तास मला लागतातच."